कळसूबाईची शेवटची शिडी

दोस्तांनो, बार्शीत सगळ्यात उंच काय आहे?

हा प्रश्न मी आमच्या गल्लीतल्या मुलांना विचारला. पहिलं उत्तर आलं, "पाण्याची टाकी!" दुसरं आलं, "भगवंताच्या देवळाचं शिखर." तिसरा म्हणाला, "आमच्या आप्पांचा आवाज." हसू नका, ते उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं.

आपला मुलूख तसा सपाट. नजर टाकाल तिकडं काळं रान, ज्वारीची ताटं आणि मध्येच एखादं चिंचेचं झाड. लातूरकडं निघालं की मात्र जमीन हळूहळू वर उचलली जाते आणि येडशीजवळ बालाघाटाचे डोंगर लागतात. बार्शीकरांचा डोंगराशी जो काही संबंध येतो तो बहुतेक तिथंच, रामलिंगाच्या दर्शनाला गेल्यावर. तिथली माकडं हातातला नारळ पळवतात, आपण त्यांच्या मागं दोन पायऱ्या पळतो आणि झालं आपलं गिर्यारोहण!

अशा मुलांना घेऊन महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरावर जायचं आम्ही ठरवलं. कळसूबाई. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. पाचवी ते नववीतली अकरा मुलं, त्यांतल्या चौघांच्या आया आणि मी. मी याआधी दोनदा वर जाऊन आलो होतो, त्यामुळं सगळ्यांनी मला जाणकार ठरवून टाकलं होतं. मीही तो मान मुकाट्यानं घेतला. पुढं काय झालं ते सांगतोच.

आधी थोडं गणित करू. बार्शी समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर आहे. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी हे गाव त्याहून बरंच उंचावर. बारीतून शिखरापर्यंत चढ उरतो तो सुमारे ८०० मीटरचा. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला तर ८०० मीटर म्हणजे किती मजले? करा भागाकार. २६६ मजले! आणि लिफ्ट नाही.

आता दुसरं गणित. बारीपासून माथ्यापर्यंतची वाट सहा-साडेसहा किलोमीटर आहे. म्हणजे सरासरी आठ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. हे कितपत उभं आहे? मुंबई-पुण्याच्या मधल्या बोरघाटात आगगाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं, कारण तिथं ३७ मीटरला एक मीटर चढ आहे. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना आपली बार्शी लाईट रेल्वे आठवत असेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ती काढली आणि १८९७ मध्ये पहिल्यांदा बार्शीत आणली. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. पुढं लातूरपर्यंत गेलेली ही छोटी गाडी बालाघाट चढताना धापा टाकायची. लोखंडी चाकं लोखंडी रुळांवर घसरतात, म्हणून आगगाडीला फार चढ चालत नाही. माणसाच्या पायाचं तसं नाही. आठाला एक तर सोडाच, उभी शिडीसुद्धा आपण चढतो. फक्त घाई करायची नाही.

घाई न करणं हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का! आम्ही आधी महिनाभर सराव केला. संध्याकाळी दप्तरात दोन लिटर पाणी भरायचं आणि घराच्या जिन्यानं गच्चीवर वीस वेळा जायचं-यायचं. एका रविवारी रामलिंगाच्या पायऱ्या आणि आसपासची टेकाडं केली. तिथं एकच नियम होता, चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. एक वाक्य पुरं बोलताना मध्येच दम तोडला तर वेग जास्त झाला, कमी करा. नववीतला एक पैलवान पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढं पळाला आणि पंधरा मिनिटांत दगडावर बसून "पाणी, पाणी" करायला लागला. मागून पाचवीतली दोन चिमुरडी पोरं गप्पा मारत त्याच्यासमोरून निघून गेली. बिचारा दिवसभर गप्प होता.

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. बार्शीहून भूम, खर्डा, जामखेड, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर असा तीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. खर्ड्याला किल्ला दिसला तेव्हा इतिहासाचा तास झाला, कारण १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं ते इथंच. बाकी रस्ताभर भेंड्या. संध्याकाळी बारीत पोचलो. गावातल्याच एका घरी उतरलो आणि तिथल्याच एका दादांना वाटाड्या म्हणून बरोबर घ्यायचं ठरवलं. वाट मळलेली आहे, चुकायची भीती फारशी नाही, तरी मुलं बरोबर असली की गावातलं माणूस घ्यावं. त्याचा किती उपयोग होतो ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहाटे थंडी अशी की मुलांनी कानटोप्या डोळ्यांपर्यंत ओढल्या होत्या. साडेसहाला चालायला लागलो. भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती. मागं बारीतली घरं, पुढं काळा डोंगर. दादांनी क्रम लावला तो असा: सगळ्यात पुढं ते स्वतः, त्यांच्या मागं आमच्यातली सगळ्यात हळू चालणारी मुलगी, सगळ्यात शेवटी मी. "हळू चालणारा मागं राहिला की तो दमतो आणि घाबरतोही," ते म्हणाले. "तो पुढं असला म्हणजे सगळ्यांची चाल आपोआप बेताची होते."

ही हळू चालणारी मुलगी सातवीतली. शाळेत हुशार, बोलायला चुणचुणीत, पण उंचीला घाबरते हे तिच्या आईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. तिच्यासाठीच तर ही सगळी गोष्ट लिहितोय.

वाट पहिल्यापासून अंगावर येते. दगडी पायऱ्या, मग मातीचा उतार, मग जरा सपाटी, पुन्हा चढ. अर्ध्या तासानं एकानं विचारलं, "काका, हा डोंगर असा थांबून थांबून का चढतोय?"

फार चांगला प्रश्न! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एक थर पसरला, थंड झाला. त्याच्यावर दुसरा, तिसरा, असे कितीतरी. काही थर टणक, काही सच्छिद्र आणि भुसभुशीत. वारा-पावसानं मऊ थर झिजून उतार आणि सपाट्या झाल्या, टणक थरांचे कडे राहिले. म्हणून आपले डोंगर लांबून जिन्यासारखे दिसतात. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. आणि गंमत म्हणजे बार्शीची काळी जमीनसुद्धा याच खडकाची. तो झिजून, कुजून झालेल्या मातीत आपली ज्वारी उभी असते. म्हणजे ज्याची भाकरी आम्ही पाठीवर घेऊन चाललो होतो, त्याच्याच अंगावर चढत होतो म्हणा ना!

भाकरी म्हटलं की आपली कडक भाकरी. पापडासारखी वाळवलेली, आठ-आठ दिवस न बिघडणारी. बरोबर शेंगाची चटणी आणि गुळाचा खडा. डोंगरावर याच्याइतकं सोयीचं खाणं मी पाहिलं नाही. बिस्किटांच्या पुड्यांचे कागद तरी होतात, हिचं काहीच मागं उरत नाही. हा सगळा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तरीसुद्धा वाटेवर प्लास्टिक दिसतंच. आम्ही येताना एक पिशवी भरून खाली आणली; दोन पिशव्या भरल्या असत्या, पण दुसरी न्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

आठ-सव्वाआठला पहिली लोखंडी शिडी आली.

कळसूबाईला दोर लागत नाही, खिळे ठोकावे लागत नाहीत. जिथं कडा आडवा येतो तिथं लोखंडी शिड्या बसवल्या आहेत, बाजूला धरायला कठडे आहेत. म्हणून हा डोंगर आजी-आजोबाही चढतात आणि नवरात्रात देवीच्या दर्शनाला रांग लागते. पण शिडी ती शिडीच. पायऱ्यांच्या फटीतून खालची दरी दिसते. आमची सातवीतली मुलगी तिच्यासमोर थबकली.

आणि इथं जाणकार काकांनी चूक केली. मी म्हणालो, "अगं, काही नाही त्यात. वर बघ आणि चढ. ते बघ, पाचवीतली पोरं गेलीसुद्धा!"

ती चढली. दात घट्ट आवळून, कठड्याला बोटं रुतवून. पुढची शिडीही तशीच चढली. वर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिचा चेहरा पांढराफटक होता, पण टाळ्यांच्या नादात तो मी नीट पाहिला नाही.

शेवटच्या शिडीच्या आधी जरा सपाटी आहे. तिथं पाण्याची विहीर आहे, गावकऱ्यांच्या चहा-सरबताच्या झोपड्या असतात. सव्वादहा वाजले होते. समोर शेवटचा चढ, त्यावर शिडी आणि वर देवीचं इवलंसं देऊळ. मुलं "चला, चला" करत उठली. ही मात्र दगडावर बसून राहिली.

"मी नाही येणार."

"अगं, तीनशे किलोमीटर आलोय आपण!" तिची आई म्हणाली. "एवढंसंच तर राहिलंय."

"मला चढता येईल," ती म्हणाली. "पण उतरता येणार नाही. आत्ता दोन शिड्या उतरायच्या आहेत. ही चढले तर तीन होतील."

मी काहीच बोलू शकलो नाही. ती भित्री नव्हती, हिशेब करत होती, आणि तो बरोबर होता. आम्ही दोन तास सगळे वर बघत होतो. खाली यायचंय याचा विचार एकटी तीच करत होती. पहिल्या शिडीपाशीच मी तिला विचारायला हवं होतं, "उतरायची भीती वाटतेय का?" ते न विचारता मी तिला पोरांचा दाखला देऊन वर ढकललं होतं.

बाकीचे इतर आयांबरोबर माथ्यावर गेले. मुलीची आई जायला तयार नव्हती, पण पोरगीच म्हणाली, "आई, तू जा. देवीला माझा नमस्कार सांग." मग आई गेली. आम्ही दोघं आणि वाटाड्या दादा खाली बसलो.

चहा आला. "गरम गरम आहे, पण भाजत नाही तितकासा," मुलगी म्हणाली. मी सांगितलं, उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं. इथं साधारण ९५ अंशांनाच. ती म्हणाली, "मग बटाटे शिजायला वेळ लागत असेल." चहावाल्या मावशी मान डोलावून म्हणाल्या, "लागतो ना."

मग दादांनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू नावाची कोळ्याची मुलगी होती. तिला रानात हिंडायची आवड. डोंगराच्या पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली, पण आधीच अट घातली, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी सांगाल ते काम करीन. बरेच दिवस सुखात गेले. एक दिवस घरात पाहुणे आले आणि कुणीतरी तिला भांडी घासायला लावली. तिनं ती घासली, आणि तडक डोंगर चढून जी गेली ती परत आलीच नाही. तीच ही कळसूबाई.

पोरगी थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तीसुद्धा आधीच 'नाही' म्हणाली होती. कुणी ऐकलं नाही."

दादा माझ्याकडं बघून हसले. मी चहा पीत राहिलो.

माथ्यावरून काय दिसतं ते मी तिला मातीत काडीनं काढून दाखवलं. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन दुर्ग. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरा नदीवरचं ते विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या पलीकडं हरिश्चंद्रगड. तिथून जी डोंगररांग फुटते ती आग्नेयेला सरकत जाते, अहिल्यानगर, बीड असं करत, बुटकी होत होत, धाराशिव जिल्ह्यात येते. तिचं पूर्ण नाव हरिश्चंद्र-बालाघाट.

"बालाघाट? आपला? रामलिंगाचा?"

हो, आपलाच. या रांगेच्या उत्तरेला पडलेलं पाणी गोदावरीला जातं आणि दक्षिणेला पडलेलं भीमेकडं. बार्शीचा पाऊस भोगावतीतून सीनेत, सीनेतून भीमेत. आपण ज्या रामलिंगावर सराव केला तो इथून निघालेल्या डोंगराचा शेपटाकडचा भाग. तिनं ती मातीतली रेघ बराच वेळ बोटानं गिरवली.

अकरा वाजता मंडळी माथ्यावरून आली आणि खरं काम सुरू झालं.

वाटाड्या दादांनी मुलांना एका रांगेत बसवलं. "शिडी उतरताना तोंड शिडीकडं, पाठ दरीकडं. जिना उतरतो तसं पुढं बघत उतरायचं नाही. दोन हात आणि दोन पाय, या चारांतलं एका वेळी एकच सोडायचं. तिघांनी शिडी धरलेली पाहिजे." मग ते स्वतः तिच्या खाली दोन पायऱ्यांवर उभे राहिले. मी वर. तिचा पाऊल शोधणारा पाय ते हातानं धरायचे, पायरीवर टेकवायचे आणि म्हणायचे, "हं, आली पायरी." पुन्हा पाय, पुन्हा "हं, आली."

तेवढ्यात वर गर्दी जमली. सुट्टीचे दिवस, माणसांची रीघ. एक गृहस्थ ओरडले, "अहो, चला की लवकर! किती वेळ?"

दादांनी मान वर न करता उत्तर दिलं, "डोंगर कुठं पळून चाललाय का?"

दहा मिनिटं लागली असतील. मला तासभर वाटला. शेवटच्या पायरीवरून जमिनीवर पाय टेकल्यावर ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "दुसरी शिडी कुठाय?" दुसरीला पाच मिनिटं लागली.

त्यानंतर उलटाच प्रकार झाला. माथ्यावर पळत जाऊन आलेला आमचा पैलवान दर वीस पावलांना बसायला लागला. त्याचे गुडघे लटपटत होते. चढताना दम लागतो, पण उतरताना मांड्यांच्या स्नायूंना आपलं सगळं वजन अडवून धरावं लागतं. ताणलं जात असतानाच जोर लावायचा, हे काम त्यांना फार जड जातं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या त्यामुळंच. डोंगरात पाय मुरगळतात, माणसं घसरतात, ती पुष्कळदा उतरतानाच. ताकद संपलेली असते आणि लक्ष जेवणाकडं असतं. आमच्या सातवीतल्या मुलीची ताकद शिल्लक होती. तिनं पैलवानाची पिशवी घेतली. त्यानं आधी "नको, नको" केलं, मग दिली.

अडीच वाजता बारीत पोचलो. भात, पिठलं आणि ठेचा. कुणी बोलत नव्हतं, फक्त भुरके ऐकू येत होते.

पालकहो, एक सांगतो. तुम्ही जाल तेव्हा पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा. शेवाळलेले दगड, ओल्या शिड्या आणि तुफान गर्दी, असं सगळं एकदम वाट्याला येतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. घड्याळात परत फिरायची वेळ आधी ठरवा, आणि ती मुलांनाही सांगून ठेवा. आमची अकराची होती. पायात नवे बूट घालू नका, महिनाभर वापरलेले घाला. आणि मूल "नाही" म्हणालं तर "त्यात काय एवढं?" म्हणायच्या आधी "कशाची भीती वाटतेय?" एवढं विचारा. मी विचारलं नव्हतं.

बार्शीला आल्यावर आठ-दहा दिवसांनी त्या मुलीच्या आईचा फोन आला. सूर तक्रारीचा होता. "अहो, तुम्ही काय खूळ घातलंय हिच्या डोक्यात? रोज संध्याकाळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी चढते नि उतरते. धाकट्या भावाला खाली उभं केलेलं असतं, 'हं, आली पायरी' म्हणायला. तो कंटाळलाय आता."

मी विचारलं, "किती पायऱ्या आहेत टाकीला?"

"चौदा," पलीकडून आईच्या हातातला फोन ओढून घेत पोरगीच म्हणाली. "काका, कळसूबाईच्या शेवटच्या शिडीला किती आहेत?"

मला सांगता येईना. दोनदा चढून गेलोय, पण मोजल्या कुठं होत्या!

"बरं," ती म्हणाली, "मग पुढच्या नाताळात मी मोजते."